जमीन तुमची, कार्बन आमचा?

सध्या पाड्यापाड्यावर एक नवा शब्द फिरतोय. कार्बन. मोटारसायकलवरून दोन पोरं येतात, हातात मोठा मोबाइल असतो. सातबारा किंवा वनपट्टा दाखवा म्हणतात, आधार आणि पासबुकाचे फोटो काढतात, शेताच्या कडेनं चालत जाऊन मोबाइलवर नकाशा काढतात. मग सांगतात, "शेणखत घाला, पालापाचोळा जाळू नका, नांगरट कमी करा, बांधावर झाडं लावा. तुमच्या मातीत कार्बन साठेल. त्याचे पैसे बाहेर देशातली कंपनी देईल. काळजी नको, जमीन तुमचीच राहणार. फक्त कार्बन आमचा." आणि सहीला कागद पुढे करतात.

सही करावी का, असं संघटनेकडे बरेच जण विचारायला येतात. म्हणून हे लिहायला घेतलं. आमचं मत आधीच सांगतो, आत्ता सही करू नये. का करू नये ते पुढे सविस्तर मांडलंय. ज्याला वाचता येतं त्याने हा अंक पाड्यात बसून मोठ्यानं वाचून दाखवावा, आणि पटलं नाही तर बैठकीत येऊन भांडावं.

ही भानगड आहे तरी काय

झाडाचं पान हवेतला कार्बनचा वायू ओढून घेतं आणि त्यातूनच खोड, पान, मूळ, दाणा तयार होतो. पान गळलं, मूळ कुजलं, शेण पडलं की त्यातला थोडा भाग मातीत राहतो. माती काळी, भुसभुशीत होते, पाणी धरून ठेवते. शेतीखात्याच्या माती परीक्षणाच्या कार्डावर याला "सेंद्रिय कर्ब" म्हणतात. यात नवीन काहीच नाही. उकिरड्यातलं खत शेतात गेलं की माती सुधारते हे आपल्या आजीलाही माहीत होतं.

नवीन आहे तो त्याचा बाजार. कुठे तरी एखादी कंपनी कोळसा, तेल जाळते. तिच्यावर दबाव येतो की धूर कमी करा. धूर कमी करायचा तर कारखाना बदलावा लागतो, खर्च होतो. त्यापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे एक पावती विकत घेणं. तिच्यावर लिहिलेलं असतं की अमुक ठिकाणच्या शेतकऱ्यानं आपल्या मातीत एक टन वायू साठवला. एक टन वायू म्हणजे एक क्रेडिट. पावती हातात आली की कंपनी जगाला सांगते, आमचा एक टन धूर फिटला. धूर तर निघालेलाच असतो.

सरकारही यात उतरलंय. जून २०२३ मध्ये केंद्राने कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजना जाहीर केली आणि जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शेती मंत्रालयाने शेतीतल्या कार्बन बाजारासाठी आराखडा काढला. त्यात लहान शेतकऱ्यांना फायदा होईल असं म्हटलंय. म्हणजे आज दोन पोरं आलीत, उद्या दहा कंपन्या येतील. आपण आधीच समजून घेतलेलं बरं.

चला, हिशेब मांडू

पैशाचा विषय आहे तर आकडे बघू. एक एकर शेतातली एक फूट खोल माती घेतली तर तिचं वजन साधारण १,६०० टन भरतं. त्या मातीतला कर्ब अर्ध्या टक्क्यावरून ०.६ टक्क्यावर गेला, म्हणजे ०.१ टक्का वाढला, तर सुमारे १.६ टन कार्बन साठला. एक टन कार्बन म्हणजे हवेतला सुमारे ३.६७ टन वायू. त्या हिशेबानं एकरी जवळपास ६ क्रेडिट झाली.

हे व्हायला पाच वर्षं लागतील असं धरू. हे धरणंसुद्धा कंपनीच्या बाजूचं आहे. आपल्याकडे ऊन कडक, पाऊस धो-धो. उताराच्या वरकस जमिनीवर मातीच वाहून जाते, तिथे कर्ब कुठून टिकणार? पण धरू.

एका क्रेडिटचा भाव समजा ८०० रुपये. भाव ठरलेला नसतो, वर-खाली होतो, आणि तो आपल्याला कोणी सांगत नाही. सहा क्रेडिटचे ४,८०० रुपये झाले. त्यातून तपासणीवाल्याचा खर्च जातो, नोंदणीची फी जाते, पुढेमागे नुकसान झालं तर म्हणून काही क्रेडिट राखून ठेवतात ती जातात, आणि कंपनीचा वाटा जातो. निम्मे आपल्या हाती आले असं समजू. २,४०० रुपये, पाच वर्षांचे. वर्षाला एकरी ४८० रुपये.

रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे एक एकर जमिनीच्या मातीत वर्षभर जे साठेल त्याची किंमत रोजगार हमीच्या दीड दिवसाच्या मजुरीएवढी! आणि ती मजुरी आठवड्याला मागता येते, हे पैसे तपासणी होऊन पावत्या विकल्या गेल्यावर मिळणार. तोवर वर्षं निघून जातात.

यावर कंपनीची माणसं म्हणतील, हे आकडे तुमच्या मनचे. बरं, मग तुमचे आकडे द्या. एका क्रेडिटला किती भाव मिळाला, किती कापले, आम्हाला किती दिले, हे कागदावर लिहून द्या. जो हे लिहून देत नाही त्याच्याशी व्यवहार कसला करायचा?

आधीपासून नीट वागणाऱ्याला भोपळा

या बाजारात एक नियम आहे. जे तुम्ही आधीपासून करत होता त्याचे पैसे मिळत नाहीत. नव्याने जे कराल, आणि त्यामुळे जी वाढ होईल, तेवढीच मोजली जाते.

आता बघा कसं होतं. ज्या बागायतदारानं तीस वर्षं पोत्यानं युरिया ओतला, वर्षातून तीन वेळा ट्रॅक्टर घातला, त्याची माती मेलेली. तो आज थोडं कंपोस्ट टाकू लागला की त्याची वाढ दिसेल. त्याला पैसे मिळतील. आणि ज्या बाईनं आयुष्यभर डोक्यावरून शेणाच्या पाट्या वाहिल्या, बांधावरचा ऐन आणि मोह तोडू दिला नाही, नागली, वरई, उडीद आलटून पालटून घेतले, तिच्या मातीत आधीच कर्ब आहे. तिची वाढ दिसणार नाही. तिला काही नाही. बिघडवणाऱ्याला बक्षीस आणि राखणाऱ्याला भोपळा, असा हा न्याय!

राब, पेंढा आणि बैल

कागदावरच्या अटी आपल्या पोटाशी कशा येतात ते पाहू.

पहिली अट, जाळायचं नाही. आपल्या डहाणू, जव्हार, मोखाड्याकडच्या भातशेतीत राब भाजल्याशिवाय रोप होत नाही असं जुने जाणते मानतात. फांद्या, पालापाचोळा, शेण, वर मातीचा थर देऊन उन्हाळ्यात तेवढा तुकडा भाजायचा, म्हणजे तण मरतं, किडा मरतो आणि राखेवर रोप जोमानं येतं. इंग्रजांच्या जंगलखात्यालाही हा राब डोळ्यात खुपत होता. १८८० च्या दशकात ठाणे जिल्ह्यात राबासाठी झाडं सवळायला बंदी आली तेव्हा एवढा गदारोळ झाला की सरकारला जंगल कमिशन नेमावं लागलं. तेव्हा सरकारी हुकूम होता, आज करारातलं कलम आहे.

राबाला पर्याय नाहीत असं आमचं म्हणणं नाही. गादीवाफ्यावर रोप होतं, काही गावांत चांगलं झालंय, लाकूडफाटाही वाचतो. ज्याला पटेल त्याने जरूर करावं. पण करून बघायचं, नाही जमलं तर मागे फिरायचं, हा हक्क शेतकऱ्याचा आहे. करार झाला की तो हक्क गेला.

दुसरी अट, पिकाचा उरलेला भाग शेतातच कुजू द्या. पेंढा शेतात कुजवला तर बैलानं काय खायचं? घर कशानं शाकारायचं? घरचा बैल गेला की ट्रॅक्टर भाड्यानं आणावा लागतो, आणि शेणही गेलं. ज्या शेणानं माती सुधारायची तेच बंद.

तिसरी अट, झाडं लावा आणि ती तोडू नका. झाडं लावणं चांगलंच. पण कुठली? रायवळ आंबा, मोह, काजू, बांबू लावला तर घरात काही येतं. लवकर वाढतं म्हणून निलगिरी किंवा तसलंच काही गळ्यात मारलं तर आपल्या वरकसात ना गवत उगवतं ना नागली.

आणि या सगळ्या अटी किती वर्षं? मातीतला कार्बन टिकला तरच पावतीला अर्थ, म्हणून या बाजारात २०, ३०, ४० वर्षांची भाषा चालते. आज तिशीत असलेल्या माणसानं सही केली तर त्याचा नातू शेतात उतरेल तरी अट चालूच. मधे दुष्काळ पडला, पोरं वीटभट्टीवर गेली, शेत पडीक राहिलं किंवा पुन्हा खोल नांगरावं लागलं, तर कार्बन परत हवेत जातो. तो तोटा कोणाच्या खात्यावर टाकणार? हे कागदात बारीक अक्षरात असतं, आणि कागद इंग्रजीत असतो.

केनियाकडून शिकण्यासारखं

हे सगळं आधी झालेलं आहे. आफ्रिकेतल्या केनिया देशात आपल्यासारखीच लहान लहान शेतं आहेत. पश्चिम केनियात जागतिक बँकेच्या मदतीनं एका स्वीडिश संस्थेने शेतजमिनीतल्या कार्बनचा प्रकल्प चालवला. ६०,००० शेतकरी, ४५,००० हेक्टर जमीन, एवढा त्याचा आवाका. जानेवारी २०१४ मध्ये त्याला पहिली क्रेडिट मिळाली. मातीतल्या कार्बनच्या या पद्धतीची जगातली ही पहिलीच, म्हणून गाजावाजा झाला. किती होती ती? २४,७८८ टन. साठ हजार घरांत वाटलं तर घरटी अर्धा टनसुद्धा येत नाही. तो पहिलाच हप्ता होता आणि पुढे आकडा वाढला, हे खरं. पण तिथे खरा फायदा झाला तो खत, मिश्र पिकं आणि झाडं यांमुळे मक्याचं पीक सुधारलं त्याचा. तो फायदा पावतीशिवायही झाला असता. शेतकऱ्याला शिकवायला माणूस हवा होता, तो आला. मग तो माणूस आपल्या तालुक्याच्या शेतीखात्यानं का पाठवू नये?

दुसरा प्रकार जास्त वाईट. उत्तर केनियात गुरं राखणारे बोराना, सांबुरू, रेंदिले असे समाज आहेत. जमीन गावकीची, एकट्याची नाही, जशी आपली सामूहिक वनहक्काची. तिथे सुमारे १९ लाख हेक्टर गवताळ रानावर मातीतल्या कार्बनचा प्रकल्प आला. सांगितलं काय, तर गुरं आम्ही सांगू तशी चारा, म्हणजे गवत वाढेल, मातीत कार्बन साठेल. फेसबुक चालवणाऱ्या मेटाने आणि नेटफ्लिक्सने ती क्रेडिट विकत घेतली. पिढ्यान्पिढ्या पाऊस बघून गुरं हलवणाऱ्या माणसांना बाहेरच्यांनी चराई शिकवायची! लोकांना नीट न विचारता हे केलं, अशी तक्रार उठली. ज्या राखीव क्षेत्रांवर हा डोलारा उभा होता त्यातली दोन क्षेत्रं बेकायदा ठरवणारा निकाल जानेवारी २०२५ मध्ये इसिओलो इथल्या कोर्टानं दिला, आणि त्यातलं एक याच कार्बन प्रकल्पातलं होतं. कारण काय? लोकांचा खरा सहभाग घेतलाच नव्हता.

साथींनो, तिथे ग्रामसभेचा कायदा आपल्यासारखा नव्हता तरी लोक लढले. आपल्याकडे कायदा आहे.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विक्री, दान, गहाण, भाडेपट्टा किंवा आणखी कशानेही परवानगीशिवाय देता येत नाही. भाडेपट्टा किंवा गहाण पाच वर्षांपर्यंतचं असलं तरी जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. त्याच्या पुढचं असेल तर राज्य सरकारची मान्यताही लागते. हा कायदा उगाच आला नाही. पावसाळ्यात खायला दाणे देऊन उभं पीक लिहून घेणारी पालेमोड, कोऱ्या कागदावरचे अंगठे, दोन मण भातापायी गेलेल्या जमिनी, हे सगळं बघून तो आला. गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी १९७४ चा कायदाही त्याच लढ्यातून आला.

आता कंपनीची शक्कल बघा. जमीन घेतली तर ३६-अ आडवा येतो. म्हणून म्हणायचं की जमीन तुमचीच, आम्ही फक्त कार्बन घेतो. पण मातीत काय टाकायचं, नांगर किती घालायचा, झाड कधी तोडायचं, गुरं कुठे चारायची हे जर दुसरा ठरवणार, आणि तेही तीस वर्षं, तर जमीन आपली राहिली म्हणजे काय राहिलं? सातबारावर नाव आणि शेतसाऱ्याची पावती! पाच वर्षांच्या पट्ट्याला जिथे जिल्हाधिकारी लागतो, तिथे तीस वर्षांच्या बंधनाला नुसता अंगठा पुरतो, हे कायद्याच्या उद्देशाच्या विरोधात आहे असं आमचं म्हणणं आहे. सरकारने यावर स्पष्ट लेखी उत्तर द्यावं.

वनपट्ट्याचं तर आणखी वेगळं. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) नुसार हा हक्क वारसानं मिळतो, पण विकता येत नाही, कोणाच्या नावे करता येत नाही. आणि लग्न झालेल्यांच्या पट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावं असतात. म्हणून घरातल्या बाईला न विचारता घेतलेली सही अर्धीच आहे, हे बायांनी लक्षात ठेवावं. शेणाची पाटी तुम्ही वाहायची आणि करारावर अंगठा त्याचा एकट्याचा, हे चालू देऊ नका.

त्यातही कित्येकांचे दावे अजून पडून आहेत. कसतो दोन एकर आणि पट्ट्यावर वीस गुंठे, अशी घरं प्रत्येक पाड्यात सापडतील. आपल्या दाव्याची मोजणी करायला वर्षानुवर्षं माणूस मिळत नाही आणि कार्बन मोजायला मात्र उपग्रह हजर! उरलेल्या दीड एकराच्या मातीतला कार्बन कोणाचा? कागदावर ती जमीन जंगलखात्याची. उद्या कार्बनला भाव आला तर जंगलखातं ती सोडेल का? उलट दावा फेटाळायला आणखी एक कारण मिळेल. म्हणून आधी दावे निकाली काढा, कसलेली पुरी जमीन नावावर करा, मग कार्बनचं बोला. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला पायांना फोड येईपर्यंत आदिवासी चालले ते जमिनीच्या कागदासाठी. तो कागद पुरता हातात यायच्या आधीच दुसऱ्या कागदावर सही मागायला माणसं आलीत.

"पाचशे तर पाचशे, सोडायचे कशाला?"

असं आपलीच तरुण पोरं विचारतात, आणि विचारणं चुकीचं नाही. घरात मीठ-मिरचीला पैसे नसतात तेव्हा पाचशे रुपयेसुद्धा मोठे असतात. त्यांना नुसती घोषणा ऐकवून भागणार नाही.

त्यांना सांगायचं ते असं. या पाचशेसाठी जे काम करावं लागतं, म्हणजे बांधबंदिस्ती, कंपोस्ट खड्डा, बांधावर फळझाड, त्याची मजुरी रोजगार हमीतून मागता येते. दीड एकरात बांध घातले आणि आंबा-काजू लावला तर वर्षाला कित्येक दिवसांचं काम निघतं. ती मजुरी आपली, माती आपली, झाड आपलं आणि कोणाचं बंधन नाही. मागणीचा अर्ज भरा, पोच घ्या, पंधरा दिवसांत काम नाही मिळालं तर बेकारी भत्ता मागा. त्यासाठी पंचायतीत बसायची वेळ आली तर संघटना बरोबर आहे.

आणि दुसरी गोष्ट. हवा आपण बिघडवली नाही. डहाणूच्या थर्मलची चिमणी आपल्या पाड्यांवरून दिसते, तिची वीज कुठे जाते तेही ठाऊक आहे. बुलेट ट्रेनसाठी, हायवेसाठी, धरणासाठी झाडं पडली तेव्हा त्यातल्या कार्बनचा हिशेब मागायला कोणी मोबाइल घेऊन आलं नाही. खाणीतला कोळसा कोट्यवधी वर्षं जमिनीखाली गाडलेला होता. तो जाळला की त्याचा धूर शेकडो वर्षं हवेत राहतो. आपल्या मातीतला कार्बन पुढच्या नांगरटीपर्यंत किंवा पुढच्या दुष्काळापर्यंत. या दोन्हीला एकच टन म्हणून तोलायचं, ही वजनात मारलेली मापं आहेत. माती राखल्याबद्दल जगाला आपले पैसे द्यायचेच असतील तर ते देणं म्हणून द्यावेत. त्याच्या बदल्यात धूर सोडायची परवानगी मागू नये.

ग्रामसभेनं काय करावं

पेसा कायदा आणि त्याचे २०१४ चे राज्याचे नियम, तसंच वनहक्क कायदा, यांनी ग्रामसभेला आपल्या साधनसंपत्तीबद्दल बोलायचा अधिकार दिलाय. तो वापरायचा. येत्या ग्रामसभेत हे ठराव घ्यावेत:

१. ग्रामसभेपुढे आल्याशिवाय कोणत्याही कार्बन कंपनीनं गावात एकट्यादुकट्याच्या सह्या, अंगठे, आधार किंवा शेताचे नकाशे घेऊ नयेत. ज्यांनी घेतलेत त्यांनी ते परत करावेत.

२. करार मराठीत असावा, ग्रामसभेत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावा आणि त्याची प्रत गावात राहावी. बायांची वेगळी बैठक झाल्याशिवाय निर्णय नाही.

३. भाव किती, वाटा किती, मुदत किती, मधेच सोडता येतं का, आणि कार्बन टिकला नाही तर भरपाई कोणावर, या पाच प्रश्नांची लेखी उत्तरं आल्याशिवाय चर्चासुद्धा नाही.

४. राब, चराई, पेंढा, सरपण आणि पीक बदलायचा हक्क यांवर बंधन घालणारं एकही कलम मान्य नाही.

५. सामूहिक वनहक्काच्या जंगलातल्या आणि मातीतल्या कार्बनवर पहिला हक्क ग्रामसभेचा. जंगलखात्यानं किंवा वनविकास महामंडळानं त्याचा परस्पर व्यवहार करू नये.

६. प्रलंबित वनदावे निकाली निघेपर्यंत गावात असा कोणताही प्रकल्प नको.

ठरावाची एक प्रत तहसीलदाराला, एक प्रांताला, एक प्रकल्प कार्यालयाला द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. ज्यांनी आधीच सही केलीय त्यांनी घाबरून जाऊ नये. जो कागद मिळालाय तो आणि मोबाइलवर आलेले मेसेज जपून ठेवावेत आणि संघटनेच्या पुढच्या बैठकीला घेऊन यावेत. वकिलाला दाखवून त्यातून कसं निघायचं ते एकत्र ठरवू.

माती सुधारायची ती आपल्या पोरांच्या ताटात भाकर यावी म्हणून. खड्डे भरा, बांध घाला, मोह राखा. अंगठा मात्र ग्रामसभेत विचारूनच उठवा.

जोहार! जिंदाबाद!

एक कार्यकर्ता